अनुभव धागा : एकाच तारखेचे वाढदिवस

23 जणांच्या गटात किमान दोघांचा वाढदिवस एकाच तारखेला येण्याची शक्यता 50.7 टक्के, म्हणजे निम्म्याहून किंचित अधिक असते, हे प्रथम ऐकणाऱ्याला सहसा पटत नाही. आपण नकळत स्वतःची तारीख धरून बसतो आणि बाकीच्या 22 जणांत ती शोधतो. तशी जुळण्याची शक्यता जेमतेम 6 टक्के आहे. प्रत्यक्षात मात्र कोणाचीही कोणाशीही जुळलेली तारीख चालते, आणि 23 जणांतून अशा 253 जोड्या तयार होतात. आपल्या वर्गात, कार्यालयात वा संघात असे घडले असल्यास येथे लिहावे. गट किती जणांचा होता हे अवश्य सांगावे, कारण त्यावाचून योगायोग किती विरळा होता हे ठरवता येत नाही.

माध्यमिक शिक्षिका, सातारा जिल्हा
आमच्या परिपाठात त्या दिवशीचे वाढदिवस सांगितले जातात, त्यामुळे हा विषय मुलांसमोर आपोआप येतो. तारीख जुळण्यासाठी किती मुले हवीत असे विचारले, की बहुतेक जण 365 ची निम्मी करून 183 म्हणतात. मग मी त्यांच्याकडून उलट बाजूने गणित करून घेते : दुसऱ्या मुलाने पहिल्याची तारीख टाळण्याची शक्यता 364/365, तिसऱ्याने दोघांच्याही टाळण्याची 363/365, आणि असेच पुढे गुणत जायचे. दहाव्या मुलापर्यंत गुणाकार 0.88 असतो, विसाव्याला 0.59 वर येतो आणि तेविसाव्याला 0.49 होतो. चाळिसाव्याला तो 0.11 इतकाच उरतो, तेव्हा वर्गात जी शांतता पसरते ती मला फार प्रिय आहे. 40 च्या पटाचे वर्ग घेतले, तर साधारण नवांपैकी एका वर्गात जोडी सापडणार नाही. आणि मला वाटते, असा वर्ग मिळाला तर तोही मुलांना आवर्जून दाखवावा, कारण शक्यता म्हणजे खात्री नव्हे हे त्यातूनच समजते.

निवृत्त आस्थापना लिपिक, मराठवाडा
वरील गणितात वर्षाचे सगळे दिवस सारखे मानले आहेत, पण मी हाताळलेल्या सेवापुस्तकांत तसे कधीच नव्हते. पूर्वी खेड्यांत जन्माची नोंद क्वचितच असे. मूल शाळेत आणले, की गुरुजी त्याच्या अंगलटीवरून वय ठरवत आणि शाळेचे वर्ष जूनमध्ये सुरू होत असल्यामुळे जन्मतारीख 1 जून अशी लिहून टाकत. दाखल्यावरची तीच तारीख पुढे नोकरीतही कायम राहिली. महिन्याच्या पहिल्या तारखेला जन्मलेला कर्मचारी आदल्या महिन्याच्या अखेरीस निवृत्त होतो, त्यामुळे 31 मे रोजी निरोप समारंभांची रांगच लागे. अशा कार्यालयात जोडी जमायला 23 माणसेही लागत नाहीत. तारखा जितक्या विषम विखुरलेल्या, तितकी जुळण्याची शक्यता वाढते, हे मला पुस्तकाआधी या नोंदींनी शिकवले. माझ्या आईची कागदावरची तारीखही 1 जूनच आहे. खरी तारीख तिच्या आईलाही आठवत नव्हती, एवढेच ठाऊक की त्या वर्षी आखाजी होऊन गेली होती.

क्रीडाप्रेमी, पुणे
2014 च्या फुटबॉल विश्वचषकात 32 संघ होते आणि प्रत्येक संघात 23 खेळाडू होते, म्हणजे हे गणित तपासायला याहून नेमके उदाहरण मिळणे कठीण. त्यांपैकी 16 संघांत जोडी निघाली! 2023 च्या एकदिवसीय विश्वचषकातील भारतीय संघ मात्र खरोखर विरळा होता. रवींद्र जडेजा, जसप्रीत बुमराह आणि श्रेयस अय्यर या तिघांचाही वाढदिवस 6 डिसेंबर. 15 जणांत जोडी मिळण्याची शक्यता चौथ्या हिश्श्याएवढी असते, पण तिघे एकाच तारखेचे मिळण्याची शक्यता हजारात तीन-चार इतकीच असते.

संगणक अभियंता, ठाणे
एका संस्थेच्या देणगी पावत्यांना सहा अंकी यादृच्छिक क्रमांक दिले जात. 10 लाख क्रमांक असताना एकच क्रमांक दोनदा निघणार नाही, अशी सर्वांची समजूत होती. येथेही जोड्याच मोजाव्या लागतात; 1,200 पावत्यांच्या आतच पुनरावृत्तीची शक्यता निम्म्यावर जाते, आणि घडलेही तसेच. तेव्हापासून मी नवा क्रमांक आधीच्या नोंदींशी पडताळल्याशिवाय देऊ देत नाही.

गृहिणी, नाशिक
माझा जन्म 29 फेब्रुवारीचा, मोरारजी देसाई यांच्याच तारखेचा. त्यामुळे मला जोड्यांचा लाभ नाही; मला माझीच तारीख हवी आहे आणि त्यासाठी निम्मी शक्यता गाठायची तर सुमारे 1,000 माणसे लागतात. शाळेत, महाविद्यालयात, सासरी, माहेरी कोणीही भेटले नाही. येथे वाचणाऱ्यांपैकी कोणी असेल, तर कृपया कळवावे.