बेडकाच्या हृदयात रक्त मिसळतं, तरी त्याचं भागतं कसं?

शंकेखोर: माशाचे दोन कप्पे, बेडकाचे तीन, आपले चार, असा चढता क्रम पुस्तकात आहे. वाचून वाटतं, बेडकाचं काम अर्धवटच राहिलं. एकाच निलयात, म्हणजे रक्त बाहेर ढकलणाऱ्या कप्प्यात, शुद्ध-अशुद्ध रक्ताची खिचडी होत असेल तर तो जगतो कसा?

कल्लेवाला: माशाचं सोपं आहे. हृदयातून कल्ल्यांत, तिथून परस्पर शरीरभर. कल्ल्यांच्या बारीक केशवाहिन्यांतून जाताना दाब बराच उतरतो, एवढीच अडचण.

जुना प्रयोगशाळावाला: ‘अर्धवट’ म्हटलं की माझं डोकं फिरतं. बेडकाचा निलय चिरून पाहिलात तर आत गुळगुळीत पोकळी नसते. स्नायूंच्या दोऱ्यांचं जाळं असतं, त्यात दोन्ही प्रवाह बरेचसे वेगळे राहतात. पुढच्या नळीत पिळदार झडप असते, तीही वाटणीला मदत करते.

शिवाय बेडूक त्वचेनेही श्वास घेतो. त्वचेतून ऑक्सिजन घेऊन आलेलं रक्त उजव्या अलिंदात (हृदयात येणारं रक्त घेणाऱ्या कप्प्यात) येतं, म्हणजे ‘उजवं ते अशुद्ध’ हा नियम इथे लागूच पडत नाही. पाण्याखाली असताना फुप्फुसं बंद. तेव्हा तिकडे रक्त पाठवून करायचं काय? मधे पडदा नसल्यामुळे ते दुसरीकडे वळवता येतं.

शंकेखोर: मग मगरीला चार कप्पे कशाला? तीही बुडी मारतेच की!

जुना प्रयोगशाळावाला: हा प्रश्न आवडला. मगरीच्या निलयांमधला पडदा पूर्ण असतो, पण डावी महाधमनी निघते उजव्या निलयातून! बुडीत फुप्फुसांकडची वाट आवळली जाते, उजवीकडचा दाब चढतो आणि ते रक्त या धमनीतून थेट शरीरात जातं. याचा उपयोग पचनासाठी, जठरात आम्ल बनवायला होतो, असंही एक मत आहे.

पक्ष्यांनी आणि सस्तन प्राण्यांनी चार कप्पे स्वतंत्रपणे मिळवले. पक्ष्यांची महाधमनी उजवीकडे वळते, आपली डावीकडे. फायदा दाबाचा. आपल्या शरीराकडे साधारण १२० मिमी पाऱ्याच्या दाबाने रक्त जातं, फुप्फुसांकडे २५च्या आसपास. तिकडेही १२० गेला तर नाजूक फुप्फुसांत पाणी भरेल.

कल्लेवाला: आणि गर्भात असताना आपल्याही दोन अलिंदांमध्ये भोक असतंच. तिथेही फुप्फुसं बंद, म्हणून रक्त वळवलेलं.