टीएसएच (थायरॉइडची रक्ततपासणी) नॉर्मल, तरी थकवा जाईना. काय बघू?

शाळेतली बाई (सातारा):
नमस्कार. वय ४६, प्राथमिक शाळेत शिकवते. धाकटीच्या वेळी, २०१३ साली, थायरॉइड कमी निघाला. अँटी-टीपीओ ही अँटीबॉडीची तपासणी पॉझिटिव्ह, म्हणजे हाशिमोटो, शरीरच आपल्या थायरॉइडवर उलटतं तो आजार. तेव्हापासून थायरॉइडची गोळी चालू आहे. आधी ५० होती, गेली चार वर्षं ७५ मायक्रोग्रॅम. मागच्या महिन्यात टीएसएच ३.१ आला. डॉक्टर म्हणाले, "छान आहे, हीच चालू ठेवा."

पण मला छान वाटत नाही हो. सात तास झोपून उठले तरी अंग शिशाचं झाल्यासारखं जड. कणीक मळताना मध्येच हात थांबतात, परात तशीच ठेवून स्टुलावर टेकते. फळ्यावर वरच्या ओळीला हात धरवत नाही, म्हणून दिवाळीनंतर मी अर्ध्या फळ्यापासून लिहायला लागले. दुसरीतल्या एका मुलानं विचारलं, "बाई, तुम्ही वर का लिहीत नाही?" मला काही बोलताच आलं नाही. घरी येऊन रडले.

गोळी एक दिवस चुकवत नाही. साडेपाचला उठल्या उठल्या घेते. गुडघे दुखतात म्हणून कॅल्शियमही चालू आहे. पाळी हल्ली सात-सात दिवस चालते. डोस वाढवून मागू का?

मेडिकलवाली (मिरज):
ताई, डोसच्या आधी दोन गोष्टी सांगा. गोळीनंतर चहा किती वेळानं? आणि कॅल्शियम कधी?

आमच्या दुकानात हे रोज दिसतं. गोळी नेमानं घेतलेली असते, पण अंगी लागत नाही. रिकाम्या पोटी साध्या पाण्याबरोबर घ्यायची आणि पुढे निदान अर्धा तास, जमलं तर तासभर, चहासुद्धा नाही. कॅल्शियम किंवा आयर्न आणि थायरॉइडची गोळी यांच्यात चार तासांचं अंतर हवं. ॲसिडिटीची रोजची गोळी असेल तर तीही डॉक्टरांना सांगा. बाटली गॅसजवळ ठेवू नका, उष्णतेनं आणि दमटपणानं औषधाचा गुण कमी होतो.

वेळ बदललीत तर ६ ते ८ आठवड्यांनी टीएसएच पुन्हा करा, आधी करून उपयोग नाही. हे औषध रक्तात निम्मं व्हायलाच आठवडा लागतो, त्यामुळे नवी पातळी सावकाश स्थिरावते. आणि मनानं डोस मुळीच वाढवू नका. जास्त झाला तर छातीत धडधडतं, हाडं झिजतात.

वहिनी (ठाणे):
मी तुमच्या जागी दोन वर्षं होते, म्हणून तळमळीनं लिहितेय. माझाही टीएसएच अगदी मध्यावर. हिमोग्लोबिन ११.८, त्यावर कुणी काही बोललं नाही. शेवटी एका तरुण डॉक्टरीणबाईंनी फेरिटिन, म्हणजे अंगातल्या लोहाच्या साठ्याची तपासणी, करायला लावलं. ते निघालं ९. साठा संपलेला आणि सगळे थायरॉइडकडे बघत बसलेले! पाळी सात दिवस चालत असेल तर हे आधी करा, सोबत व्हिटॅमिन बी-१२ आणि डी. हाशिमोटो असणाऱ्यांत काहींना पोटाच्या अस्तराचाही त्रास असतो, मग आयर्न आणि बी-१२ नीट शोषलं जात नाही. मला जिना न थांबता चढता यायला चार महिने लागले. लगेच फरक नाही पडला म्हणून सोडू नका.

नाशिककर:
ताई, घोरता का, हे घरी विचारून घ्या. माझ्या पत्नीचा थकवा स्लीप ॲप्नियाचा, म्हणजे झोपेत श्वास अडकण्याचा, निघाला. थायरॉइडची गोळी तिचीही दहा वर्षांची आहे, त्यामुळे तिकडे कुणाचं लक्षच नव्हतं.

शाळेतली बाई (सातारा):
सगळ्यांचे मनापासून आभार. घोरत नाही, यांना विचारलं.

चहा दहा मिनिटांत घेते. पाणी भरायची वेळ तीच असते, म्हणून सगळं एकदम उरकते. कॅल्शियम साडेसातला डब्याबरोबर. हे अंतर मला अकरा वर्षांत कुणीच सांगितलं नव्हतं, मीही विचारलं नाही. गेल्या वर्षी हिमोग्लोबिन ११.२ होतं, तेव्हा "बायकांचं असतंच" एवढं ऐकून घरी आले. ते "असतंच" मी मान्य कसं केलं, याचं आज फार वाईट वाटतंय.

शाळेतली बाई (सातारा), तीन आठवड्यांनी:
फेरिटिन ७. बी-१२ १६०, तेही कमी. डॉक्टरांनी थायरॉइडचा डोस तोच ठेवलाय, आयर्न दुपारच्या डब्यानंतर, बी-१२ची इंजेक्शनं सुरू. कॅल्शियम रात्रीच्या जेवणाबरोबर नेलं. आता गोळी घेऊन आधी पाणी भरते, कपडे भिजवते, मग साडेसहाला चहा. पाळीसाठी शुक्रवारी सोनोग्राफी आहे. टीएसएच पुढच्या महिन्यात.

थकवा अजून आहे. फळा अजून अर्ध्यापासूनच लिहिते. पण परवा कणीक एका दमात मळून झाली, ते तुम्हाला सांगावंसं वाटलं. वहिनी, आयर्ननं पोट फार कडक होतं, तुम्ही काय करत होता?