शब्दचर्चा : दिवाणी दाव्यातल्या 'डिफेन्स अ‍ॅटर्नी'ला मराठीत काय म्हणायचं?

केतकी_भाषांतर :
एका अमेरिकन वकिलाच्या कारकिर्दीवरचा मजकूर मराठीत करतेय. जन्मभर केमिकल आणि अ‍ॅस्बेस्टॉस कंपन्यांच्या बाजूने टॉक्सिक टॉर्टच्या केसेस लढलेला माणूस (टॉर्ट म्हणजे दुसऱ्याचं नुकसान करणारं, ज्याची भरपाई मागता येते असं कृत्य). 'बचाव पक्षाचे वकील' लिहिलं तर संपादक म्हणतात खुनाचा खटला वाटतो. आणि 'विषारी अपकृत्य' तर मलाच वाचवेना!

नानासाहेब :
संपादकांचं बरोबर आहे. आरोपी, खटला, बचाव पक्ष हे फौजदारीकडचे शब्द. दिवाणीत दावा लागतो, वादी-प्रतिवादी असतात. सरळ 'प्रतिवादी कंपनीचे वकील' लिहा. अपकृत्य हा शब्द लॉच्या पुस्तकात आहे, पण बाररूममध्ये सगळे टॉर्टच म्हणतात.

चकलीताई :
'विषबाधेचे दावे' चालेल का?

नानासाहेब :
नको हो, लग्नातल्या बासुंदीने पाचशे जण आजारी पडले असं वाटतं. 'घातक रसायनांमुळे झालेल्या हानीचे दावे' लिहा, लांब आहे पण कळतं तरी.

तालुका_कोर्ट :
प्रतिवादीच्या वकिलाचं पहिलं काम म्हणजे कैफियत, दाव्याला दिलेलं लेखी उत्तर. आमच्याकडे ती ठरलेल्या साच्यात असते, 'दाव्यातील कलम ३ मधील मजकूर खोटा, खोडसाळ व रचीव असून तो प्रतिवादीस मान्य व कबूल नाही', आणि हेच पुढच्या प्रत्येक कलमाला. पण रसायनाच्या दाव्यात एवढ्यावर भागत नाही, तिथे खरी मारामारी कार्यकारणसंबंधावर असते. हे रसायन कुणालाही हा आजार देऊ शकतं का, हा एक प्रश्न, आणि समोरच्या वादीला तो त्यानेच झाला का, हा दुसरा. अमेरिकेत १९९३ च्या डॉबर्ट निकालानंतर वादीच्या तज्ज्ञाची पद्धत शास्त्रीय आहे का हे जज आधीच तपासतात, आणि तज्ज्ञ तिथेच बाद झाला की दावा बहुतेक वेळा ज्युरीपर्यंत पोचतच नाही. म्हणजे या वकिलाचं निम्मं करिअर डॉक्टर आणि शास्त्रज्ञांच्या उलटतपासणीत जातं. मूळ मजकुरात 'क्रॉस' असेल तर उलटतपासणीच लिहा, 'प्रतिपरीक्षण' नको, ते कुणी बोलत नाही.

केतकी_भाषांतर :
वा, हे उपयोगी आहे. मग स्ट्रिक्ट लायबिलिटी आणि अ‍ॅब्सोल्यूट लायबिलिटी? मी दोन्हीकडे 'संपूर्ण जबाबदारी' केलंय.

तालुका_कोर्ट :
दोन्हीला एकच शब्द अजिबात नको! स्ट्रिक्ट म्हणजे कठोर दायित्व, चूक सिद्ध झाली नाही तरी येणारी जबाबदारी, ती १८६८ च्या रायलँड्स विरुद्ध फ्लेचर या इंग्लंडमधल्या निकालातली, पण त्यात प्रतिवादीला पळवाटा आहेत, दैवी आपत्ती, तिऱ्हाइताचं कृत्य वगैरे. भोपाळनंतर युनियन कार्बाइड म्हणत होती ना की कुणा नाराज कामगाराने मुद्दाम टाकीत पाणी सोडलं, तो साधारण तिऱ्हाइताच्या कृत्यासारखाच बचाव. अ‍ॅब्सोल्यूट म्हणजे निरपेक्ष दायित्व, ते आपल्या सुप्रीम कोर्टाने १९८६ मध्ये दिल्लीच्या श्रीराम कारखान्यातल्या ओलियम या घातक रसायनाच्या गळतीच्या प्रकरणात आणलं, त्यात यातली एकही पळवाट चालत नाही आणि भरपाई कंपनीच्या ऐपतीप्रमाणे. आता पुस्तकातला फरक एवढा स्पष्ट असून २०२० ला विशाखापट्टणमच्या कारखान्यातल्या स्टायरीन या विषारी वायूच्या गळतीनंतर हरित लवादाने ५० कोटी भरायला सांगताना आदेशात शब्द वापरला स्ट्रिक्ट, त्यावर टीका झाली आणि माझ्या मते रास्तच झाली.

चकलीताई :
पण भोपाळची केस अमेरिकेतच होती ना आधी?

तालुका_कोर्ट :
हो, कंपनीच्या वकिलांनी तिथे पहिला मुद्दा हाच घेतला की दावा इथे नको, भारतात चालवा, आणि १९८६ ला न्यूयॉर्कच्या जज कीनन यांनी तो मान्य केला. पुढे १९८९ ला सुप्रीम कोर्टात ४७ कोटी डॉलरवर मिटलं. त्यामुळे केतकीताई, तुमच्या वकिलाने अमुक इतकी प्रकरणं 'सेटल' केली असं असेल तर 'जिंकली' करू नका. आपसात तडजोड झाली, एवढंच.

केतकी_भाषांतर :
एका ठिकाणी केलंय तसं, आत्ताच बदलते.