न्यू जर्सी नो-फॉल्ट इन्शुरन्स: चूक समोरच्याची, मग बिल माझ्या कंपनीला का?

रारिटनकाठ
नमस्कार मंडळी, अर्जंट विचारतेय. गेल्या आठवड्यात एडिसनला रूट 27 वर सिग्नलला थांबले होते आणि मागून एका पिकअपने जोरात ठोकलं. पोलीस रिपोर्टमध्ये चूक त्याचीच लिहिलीय, तोही नाही म्हणत नाहीये. माझी मान धरलीय आणि मागे सासूबाई बसल्या होत्या (पुण्याहून सहा महिन्यांसाठी आल्यात) त्यांच्या खांद्याला मार बसलाय. आता इमर्जन्सीवाले म्हणतात तुमच्या कार इन्शुरन्सचा क्लेम नंबर द्या, एजंट म्हणतो न्यू जर्सी नो-फॉल्ट आहे, पीआयपी (पर्सनल इंज्युरी प्रोटेक्शन, म्हणजे कार पॉलिसीतलं उपचारखर्चाचं कव्हर) क्लेम उघडा. अहो पण धडक त्याने दिली ना? माझ्या कंपनीने का भरायचं, आणि मग माझा प्रीमियम वाढणार का? सासूबाईंचा व्हिजिटर इन्शुरन्स आहे, त्यांचं बिल तिकडे पाठवू का? आणि मागचा बंपर, डिकी सगळं गेलंय, ते पण मीच करायचं का?

गोदावरी_७२
आधी सासूबाई कशा आहेत ते सांगा, त्या वयात खांद्याचं दुखणं अंगावर काढू नका, एक्स-रे झाला नसेल तर आजच करून घ्या.

आता तुमचा प्रश्न. नो-फॉल्ट म्हणजे चूक कोणाचीच नाही असं नाही. दवाखान्याचं बिल भरायला चूक कोणाची हे ठरायची वाट बघायची नाही, एवढंच. पूर्वी भांडण कोर्टात वर्षानुवर्षं चालायचं आणि तोवर जखमी माणूस बिलं घेऊन बसायचा, म्हणून 1970 च्या दशकात बऱ्याच राज्यांनी हे आणलं. प्रत्येकाच्या उपचाराचा खर्च आधी त्याच्याच पॉलिसीतल्या पीआयपीमधून निघतो. तर एजंट बरोबर सांगतोय, क्लेम उघडा, आणि चूक तुमची नसल्यामुळे या अपघाताचा सरचार्ज (प्रीमियमवरची जादा आकारणी) तुमच्यावर लावता येत नाही.

सासूबाई तुमच्या गाडीत बसल्या होत्या आणि इथे त्यांची स्वतःची कार पॉलिसी नाही, म्हणजे त्याही तुमच्याच पीआयपीत येतात. व्हिजिटर इन्शुरन्सवाल्यांना कळवून ठेवा पण हॉस्पिटलला नंबर पीआयपीचा द्या, नाहीतर दोन्हीकडून कागद परत येत राहतील आणि त्यांना उगाच मनस्ताप.

पण पीआयपी म्हणजे सगळं फुकट असंही नाही हं. डिडक्टिबल 250 डॉलर असेल तर ते आधी तुमचे, मग 5,000 पर्यंतच्या उरलेल्या बिलाचे 20 टक्के तुमचे, म्हणजे साधारण 1,200 डॉलर खिशातून जातात, त्यापुढे लिमिटपर्यंत कंपनी. डिडक्टिबल 2,500 घेतलं असेल तर जास्त. आणि फिजिओ, एमआरआय वगैरे लांबणार असेल तर डॉक्टरांना कंपनीची आधी परवानगी घ्यायला सांगा, नाहीतर पैसे कापतात.

गाडीचं मात्र वेगळं. न्यू जर्सीत नो-फॉल्ट फक्त शरीराच्या दुखापतीला आहे, गाडीचं नुकसान ज्याची चूक त्याच्याकडूनच. त्याच्या कंपनीकडे थेट क्लेम टाका. ते चालढकल करायला लागले आणि तुमच्याकडे कोलिजन (धडकेत आपल्या गाडीच्या नुकसानीचं कव्हर) असेल तर आपल्या कंपनीकडून दुरुस्त करून घ्या, डिडक्टिबल भरा, मग तुमची कंपनी त्यांच्याकडून वसूल करते आणि डिडक्टिबलही मागते.

सायली_पार्सिपनी
+१. पण पॉलिसीचं डेक्लरेशन पेज (कव्हर आणि लिमिट लिहिलेलं पान) काढून अजून दोन गोष्टी बघा, आपली बहुतेक मंडळी ऑनलाइन पॉलिसी घेताना स्वस्त पडतं म्हणून टिक करतात आणि नंतर कोणाला आठवतही नाही.

पहिली, पीआयपीची लिमिट. स्टँडर्ड पॉलिसीत 2,50,000 असते पण कमी करत करत 15,000 पर्यंत आणता येते. इथे एक रात्र ॲडमिट राहिलं तरी 15,000 कुठल्या कुठे जातात. डोक्याला किंवा मणक्याला खूप गंभीर इजा झाली तर कमी लिमिट असली तरी कायद्याने 2,50,000 पर्यंत मिळतं, पण साधा हात मोडला तर नाही. प्रीमियममध्ये वाचणारे पैसे बघता मला ही काटकसर अजिबात पटत नाही, घरात आईबाबा येऊन राहत असतील तर नाहीच नाही.

दुसरी, दावा करायचा हक्क. 'लिमिटेड' निवडलं असेल तर वेदना, त्रास यासाठी समोरच्यावर केस करता येत नाही. अपवाद म्हणजे मृत्यू, अवयव जाणं, मोठे व्रण, हाड मोडून जागेवरून सरकणं, गर्भ जाणं किंवा कायमची इजा. मान धरणं, मुका मार यात सहसा बसत नाही. प्रीमियम बराच कमी होतो म्हणून बहुतेक लोक हेच घेतात. तुमची निवड काय आहे ते वकिलाशी बोलायच्या आधी बघा, आणि दुखापतीचा दावा करायला साधारण दोनच वर्षं असतात.

रारिटनकाठ
खूप खूप आभार दोघांचे! सासूबाईंचा एक्स-रे झाला, हाड मोडलेलं नाही, स्लिंग दिलीय. पेज बघितलं, पीआयपी 2,50,000 आहे पण 'हेल्थ प्रायमरी' लिहिलंय, हे काय?

गोदावरी_७२
म्हणजे तुमचं बिल आधी ऑफिसच्या हेल्थ इन्शुरन्सला जाणार, मग पीआयपी. प्रीमियम कमी होतो. पण सासूबाई तुमच्या हेल्थ प्लॅनवर नाहीत, म्हणून त्यांचं पीआयपीलाच जायला हवं, ॲडजस्टरला (तुमच्या कंपनीतला क्लेम बघणारा माणूस) ईमेलवर स्पष्ट लिहा. आणि एचआरला विचारा की तुमचा प्लॅन कार अपघात कव्हर करतो का, काही प्लॅन करत नाहीत.

ट्रॉयवाला
मिशिगनहून. न्यू जर्सीचे नियम इकडे लावू नका रे कोणी. आमच्याकडे गाडीचं नुकसानही आपल्याच कोलिजनमधून, चूक कोणाचीही असो, समोरच्याकडून जास्तीत जास्त 3,000 मिळतात. आणि पूर्वी मेडिकल अमर्याद, जन्मभर होतं. 2019 च्या कायद्यानंतर, जुलै 2020 पासून लिमिट निवडता येते. नवीन येणारे सगळे कमीतली घेतात, जीव तुटतो बघून. परवडत असेल तर अनलिमिटेडच ठेवा.

नाशिकची_मेधा
भारतात पण थोडं आहे बरं का असं, मोटार वाहन कायद्याचं कलम 164. चूक सिद्ध न करता मृत्यूला 5 लाख, गंभीर दुखापतीला अडीच लाख. पण ते गाडीमालकाने किंवा त्याच्या विमा कंपनीने द्यायचं असतं, बिलं आपल्याच पॉलिसीतून भागवायची ही पद्धत तिकडचीच.

रारिटनकाठ
ॲडजस्टरला ईमेल टाकला, सासूबाईंसाठी वेगळा क्लेम नंबर आला आणि हॉस्पिटलने घेतला सुद्धा. पिकअपवाल्याच्या कंपनीचा माणूस गुरुवारी गाडी बघायला येतोय.