बी विंगचा ड्रॅगन

शनिवार

ईशानची आई बी-४०४, रात्री ९:१२
जरा मोठा मेसेज आहे, वैतागू नका. ईशान (वय ९) पाळीव प्राणी सांभाळायचा एक गेम खेळतो, नाव मुद्दाम लिहीत नाही. आज जेवताना सहज म्हणाला, "आई, आपल्या सोसायटीचं नाव सांगितलं तर चालतं ना?" माझा घास हातातच राहिला. आठवडाभर कोणीतरी त्याला गेममध्ये रोज काही ना काही गिफ्ट देत होता. परवा ड्रॅगन दिला. आता म्हणतोय, दुसऱ्या ॲपवर ये, तिथे अजून देतो. ईशानने ते ॲप बाबांच्या फोनवर टाकूनही ठेवलं होतं. बाकीच्यांनी आपापल्या पोरांना विचारा प्लीज.

जोशी काका ए-१०१, ९:१५
फोन काढून घ्या. विषय संपला. आमच्या वेळी विटी-दांडू होता, सूरपारंब्या होत्या.

मल्हारची आई सी-२०२, ९:१६
काका, पार्किंगमध्ये बॉल गाडीला लागला की ग्रुपवर फोटो कोण टाकतं? 🙏 विटी-दांडू कुठे खेळायचा ते सांगा, पोरं आत्ता खाली येतील.

जोशी काका ए-१०१, ९:१७
ती काच १८०० रुपयांची होती.

सेक्रेटरी, ९:१८
सूचना : उद्या टाकी साफ करणार आहेत. सकाळी १० ते ४ पाणी येणार नाही. कृपया भरून ठेवावे.

रेवाचे बाबा ए-७०३, ९:२४
गेम कुठला ते राहू द्या, ही चाल सगळीकडे सारखीच. गेममधल्या चॅटला गाळणी असते, फोन नंबर किंवा पत्ता टाइप केला की बऱ्याचदा नुसत्या फुल्या दिसतात. म्हणून असली माणसं पोरांना आधी बाहेरच्या ॲपवर ओढतात. 'दुसरीकडे ये' म्हणाला, तिथेच ओळखायचं.
आपल्या बिल्डिंगमध्ये जास्त करून दोनच चालतात, रॉब्लॉक्स आणि माईनक्राफ्ट. रॉब्लॉक्स हा एक गेम नाही, बाजार आहे. २००६ पासून लोक त्यात स्वतःचे गेम बनवून टाकताहेत, लाखोंनी. त्यामुळे 'मी एकदा बघितलं, चांगला होता' याला अर्थ नाही. काल बघितलात तो वेगळा, आज पोरगं वेगळ्यातच असतं.

अन्वीची मम्मी बी-६०१, ९:२६
मग काय करायचं ते सांगा ना दादा. आम्हाला त्या सेटिंगमधलं काही कळत नाही.

रेवाचे बाबा ए-७०३, ९:३३
आधी रॉब्लॉक्सच्या खात्यातलं जन्मसाल बघा. आमच्या रेवाने स्वतःचं वय २२ टाकलं होतं 😐 १३ वर्षांखालच्या खात्यांना गेमबाहेर खासगी मेसेज करणं नोव्हेंबर २०२४ पासून बंद केलंय, पण खातं २२ वर्षांचं म्हटल्यावर तो नियम लागणार कसा? वय बरोबर असेल तर तुमचं खातं तिच्या खात्याला जोडता येतं. मग मित्र कोण, किती वेळ खेळली, सगळं तुमच्या फोनवर दिसतं.
हल्ली चॅट सुरू करायचं तर ते चेहरा दाखवायला लावून वय तपासतात. तिथे आपण चेहरा दाखवायचा नाही. नाहीतर खातं मोठ्या माणसाचं ठरतं.

अन्वीची मम्मी बी-६०१, ९:३४
अरे देवा

अन्वीची मम्मी बी-६०१, ९:३५
परवा मी भाकऱ्या थापत होते. ही फोन घेऊन आली, म्हणाली मम्मी इकडे बघ, आता डावीकडे, आता उजवीकडे. मला वाटलं फोटो काढतेय. पीठ लागलेल्या हाताने केस सुद्धा नीट केले मी 🤦‍♀️

मल्हारची आई सी-२०२, ९:३६
😂😂 सॉरी, हसायला नको होतं.

ईशानची आई बी-४०४, ९:४१
मी तर ते बाहेरचं ॲप लगेच उडवलं.

रेवाचे बाबा ए-७०३, ९:४४
चॅटचे स्क्रीनशॉट घेतलेत का? नसतील तर गेममध्ये अजून असेल. आधी त्याच्या युजरनेमसकट फोटो, मग रिपोर्ट, मग ब्लॉक. ब्लॉक शेवटी. केंद्राच्या सायबर क्राइम पोर्टलवर महिला आणि मुलांच्या तक्रारींचा भाग वेगळा आहे, तिथे नाव न देताही तक्रार करता येते. १९३० नंबर पैशाच्या फसवणुकीसाठी. मुलांसाठी १०९८.

सी-५०५, ९:४६
हा मेसेज डिलीट केला आहे.

ईशानची आई बी-४०४, ९:५२
खरं सांगू? मी खूप ओरडले त्याच्यावर. आता खोलीतून बाहेर येत नाहीये. मघाशी दारातूनच विचारलं, "ड्रॅगन परत द्यावा लागेल का? त्याने मला इतकं दिलं, मी नाही म्हटलं तर त्याला वाईट वाटेल."

मल्हारची आई सी-२०२, ९:५८
हे वाचून कसंतरी झालं. मी शाळेत तिसरीला शिकवते. अनोळखी माणसाने चॉकलेट दिलं तर घ्यायचं नाही, हे वर्गातली पन्नासच्या पन्नास मुलं घडाघडा म्हणतात. पण ड्रॅगन म्हणजे चॉकलेट नाही ना त्यांच्या हिशोबात. आणि आपणच शिकवतो की कोणी काही दिलं तर थँक्यू म्हणायचं, परतफेड करायची. तो माणूस नेमकं तेच वापरतोय. ईशानने आपणहून विचारलं हे किती बरं झालं. ड्रॅगन राहू दे त्याच्याकडे.

जोशी काका ए-१०१, १०:०१
वायफाय बंद करा क्लब हाउसचं. रोज संध्याकाळी जिन्यावर सात-आठ पोरं माना खाली घालून बसलेली असतात. चपला तुडवून यावं लागतं.

सेक्रेटरी, १०:०३
वायफायचा विषय वार्षिक सभेत घेऊ.

देशपांडे आजोबा ए-१०४, १०:१७
मी हळू टाइप करतो. आमचा नातू माईनक्राफ्ट खेळतो, ठोकळे रचून बांधकाम करायचा गेम. त्याचं जग त्याचं एकट्याचंच आहे, बाहेरचं कोणी येत नाही. त्याला नाशिकच्या आत्तेभावाबरोबर ऑनलाइन खेळायचं होतं तेव्हा सुनेला तिच्या मायक्रोसॉफ्टच्या खात्यातून परवानगी द्यावी लागली. मे महिन्यात मी रोज त्याच्या शेजारी बसायचो. म्हटलं, आपलं गुहागरचं घर बांध. पडवी, ओटी, माजघर झालं. विहीरही खणली, पण त्या गेममध्ये रहाट मिळत नाही. अंधार राहिला की भुतं उगवतात म्हणून अंगणभर मशाली लावल्या. न्हाणीघर त्याने चुकीच्या बाजूला घेतलं, दोन दिवस वाद. घर विकून सव्वीस वर्षं झाली.

मल्हारची आई सी-२०२, १०:१९
आजोबा ❤️ फोटो टाका ना घराचा.

देशपांडे आजोबा ए-१०४, १०:२०
उद्या नातवाला विचारतो. फोटो कसा काढतात ते त्यालाच ठाऊक.

ईशानची आई बी-४०४, १०:५६
अपडेट. स्क्रीनशॉट घेतले, रिपोर्ट केला, ब्लॉक केलं. बटण ईशाननेच दाबलं. मग म्हटलं, मला दाखव तुझा ड्रॅगन. तर म्हणाला, असा नाही दिसत, तू आधी तुझं अकाउंट काढ. त्यानेच नाव ठेवलंय, 'भेंडीवाली आई'. उडीचं बटण सापडत नाही, तीन वेळा पाण्यात पडले.

जोशी काका ए-१०१, १०:५८
उद्या १० ते ४ पडू नका. पाणी नाही.