सिम (खऱ्या बेसबॉलची नक्कल करणारी) बेसबॉल लीग : मोसमाच्या सुरुवातीलाच कट्टर प्रतिस्पर्ध्याशी गाठ (अनुभव धागा)

मंडळी, वेळापत्रक लागलं की पहिल्या दोन आठवड्यांत हमखास एक तरी मालिका अशी असते की जिच्यासाठी सगळे जीएम, म्हणजे संघ चालवणारे आपण, रात्री उशिरापर्यंत लाइनअप चाळत बसतात. ओओटीपीसारखी संगणकावरची लीग असो की स्ट्रॅट-ओ-मॅटिकसारखी फासे-कार्डांची, पूर्वतयारी कशी करावी आणि नेमकं कुठे फिसकटतं, तेवढं लिहा. "आम्ही कसे जिंकलो" हे नको, त्यासाठी दुसरे धागे आहेत.

रोटेशनवाला

आधी कॅलेंडर उघडा, बाकी सगळं नंतर. सलामीच्या सामन्याच्या दुसऱ्या दिवशी बहुतेक संघांना सुट्टी असते आणि ती सुट्टी कशी वापरता यावरच तुमचा एस (सर्वांत भरवशाचा) पिचर या मालिकेत दिसणार की नाही ते ठरतं.

समजा पहिल्या दिवशी सामना, दुसऱ्या दिवशी सुट्टी, मग रोज खेळ आणि प्रतिस्पर्ध्याशी मालिका नवव्या ते अकराव्या दिवशी. सामना सुरू करणाऱ्या पाच पिचरांचं रोटेशन (पाळीचा क्रम) "क्रम काटेकोर पाळा" या सेटिंगवर ठेवलं तर एस १ आणि ७ या दिवशी येतो, दुसरा पिचर ३ आणि ८ला. म्हणजे मालिकेत तिसरा, चौथा, पाचवा. दोन्ही चांगले पिचर कुठल्यातरी दुबळ्या संघावर खर्च!

तेच सेटिंग "विश्रांती पूर्ण झालेल्यांपैकी क्रमात सर्वांत वरचा पिचर आधी" असं केलं किंवा हाताने क्रम बदलला, तर एस १, ६ आणि ११ला येतो. मधे दोन्ही वेळा पूर्ण चार दिवसांची विश्रांती. पाचवा पिचर सहाव्याऐवजी सातव्या दिवशी टाकतो, दुसरा आठव्या दिवशीच राहतो, तिसरा नवव्या, चौथा दहाव्या. कोणालाही कमी विश्रांतीवर न ढकलता मालिकेचा शेवटचा सामना एसच्या हातात.

याच्या पुढे जाऊन दुसऱ्या पिचरलाही मालिकेत बसवायचा मोह होतो. त्यासाठी आठव्या दिवशी लाँग रिलीव्हरकडून (एरवी मधेच येऊन जास्त इनिंग टाकणारा बदली पिचर) सुरुवात करून घ्यावी लागते. तो तीन-चार इनिंग टाकतो, उरलेल्या पाच बुलपेनच्या (बाकीच्या बदली पिचरांच्या) गळ्यात, आणि नवव्या दिवशी सहाव्या इनिंगला दार उघडून बघावं तर सगळे दमलेले. हा सौदा मला कधीच पटलेला नाही.

फासेवाला

स्ट्रॅटवाल्यांसाठी. १९६१पासून मूळ गणित तेच आहे : एका फाशाने कॉलम ठरतो, १ ते ३ बॅटरच्या कार्डावर, ४ ते ६ पिचरच्या; उरलेल्या दोन फाशांची बेरीज म्हणजे ओळ. प्रत्येक कार्डावर ३६ गुणिले ३ म्हणजे १०८ शक्यता, दोन्ही मिळून २१६. कार्ड "बघून" मत बनवू नका, शक्यता मोजा. बेरीज ७ ची ओळ सहा शक्यतांची असते, २ आणि १२ च्या ओळी एकेकाच. ठळक अक्षरातला होमरन २ च्या ओळीत असेल तर तो शोभेचा समजा.

बेसवर पोचवणारे निकाल बॅटरच्या कार्डावर ४५ आणि समोरच्या पिचरच्या कार्डावर ३० असतील, तर ७५ भागिले २१६, जवळपास ३५ टक्के. डावऱ्या आणि उजव्यासाठी वेगळी बेरीज करायची. प्रतिस्पर्ध्याच्या तीन संभाव्य स्टार्टरांसमोर तुमच्या तेरा बॅटरांची ही कोष्टकं एका संध्याकाळी होतात, आणि लाइनअप आपोआप समोर येतं.

लोक विसरतात ती गोष्ट म्हणजे फिल्डिंग. प्रगत नियमांच्या पिचर कार्डावर ३० शक्यता "एक्स"च्या असतात, म्हणजे निकाल फिल्डरच्या दर्जावर. त्यातल्या ७ शॉर्टस्टॉपच्या, ६ सेकंड बेसच्या; थर्ड बेस, सेंटर फील्ड आणि कॅचर प्रत्येकी ३; उरलेल्यांच्या प्रत्येकी २. एका सामन्यात समोरचे साधारण ३८ बॅटर येतात असं धरलं तर शॉर्टस्टॉपकडे सामन्याला सव्वा एक्स पडतो. तिथे ४ दर्जाचा, म्हणजे कच्चा, फिल्डर उभा करायचा असेल तर त्याच्या बॅटने तेवढं परत द्यायला हवं. लेफ्ट फील्डला मात्र खुशाल कोणीही उभा करा.

आणखी एक सापळा वापर-मर्यादेचा. खऱ्या मोसमात १२० वेळाच बॅटिंगला आलेल्या खेळाडूचं कार्ड कधीकधी तुफान असतं. लीगमध्ये खऱ्या आकड्याइतकीच मुभा असेल तर सामन्याला चार या हिशेबाने तो ३० सामन्यांत संपतो. पहिल्याच मालिकेत ईर्ष्येपोटी त्याला रोज खेळवलं की सप्टेंबरात तो बाकावर बसून टाळ्या वाजवणार. ज्या हाताच्या पिचरसमोर तो चालतो, तेव्हाच काढा.

आकडेमोड

थोडं थंड पाणी ओततो. तुमचा संघ खऱ्या ताकदीने ६० टक्के सामने जिंकणारा, समोरचा ५५ टक्के. बिल जेम्सच्या लॉग-फाइव्ह सूत्राने एका सामन्यात तुमची शक्यता सुमारे ५५ टक्के निघते, घरच्या मैदानाचा फायदा सोडून. तीनपैकी किमान दोन जिंकण्याची शक्यता साधारण ५८. म्हणजे तुम्ही सरस असूनही १०० पैकी ४२ वेळा मालिका हराल. त्यानंतर रागाने ट्रेड करणारे जीएम हे बाकीच्या लीगचं खरं उत्पन्न.

दुसऱ्या आठवड्यात आकडेवारीतलं काय वाचावं? खऱ्या बेसबॉलवरच्या अभ्यासांनुसार बॅटरचं स्ट्राइकआऊटचं प्रमाण सुमारे ६० प्लेट अपिअरन्सनंतर (बॅटिंगच्या पाळ्यांनंतर) काही सांगू लागतं, वॉकचं (चार चुकीच्या चेंडूंवर फुकट मिळणाऱ्या बेसचं) १२०च्या आसपास, होमरनचं १७०. मैदानात पडलेल्या चेंडूंवरची सरासरी, म्हणजे बॅबिप, ८००च्या पुढे. रोज खेळणाऱ्याचे ६० व्हायला चौदा-एक सामने लागतात. म्हणजे मालिकेपर्यंत फारतर स्ट्राइकआऊट बोलतात, बाकी सगळा गोंगाट. ३८० ची सरासरी घेऊन येणाऱ्याला मुद्दाम वॉक देऊन पुढच्या पॉवर ७० वाल्यासमोर (जोरदार फटके मारणाऱ्यासमोर) बेस भरून ठेवू नका.

सिममध्ये एक सोय आहे जी खऱ्या मॅनेजरला नाही : रेटिंग. निकाल रेटिंगमधून येतात, उलट नाही. फक्त स्काउटिंगची अचूकता कमी ठेवलेली असेल तर दिसणारं रेटिंगही अंदाजच. अशा लीगमध्ये स्काउट म्हणतो "स्टफ (चेंडूची धार) ५०" आणि पिचर दर तिसऱ्या बॅटरला स्ट्राइकआऊट करतोय, तर मी पिचरवर जास्त विश्वास ठेवीन. इआरएकडे (पिचरने दिलेल्या धावांच्या सरासरीकडे) अजून महिनाभर बघणार नाही.

डावखुरा

समोर लेफ्टी स्टार्टर येणार हे माहीत असूनही मालिका हातची जाते त्याचं सगळ्यात सामान्य कारण : "लेफ्टीविरुद्ध" हा लाइनअप मागच्या मोसमातलाच पडून असतो. ओओटीपीत उजव्या आणि डाव्या पिचरसाठी लाइनअप वेगळे, डेप्थ चार्टही (कोणत्या जागी कोण, त्याचा बदली कोण) वेगळे. डीएच (पिचरऐवजी फक्त बॅटिंग करणारा) दोनपैकी एकाच उपलीगमध्ये असण्याच्या जुन्या काळातली लीग असेल तर डीएचसह आणि डीएचविना मिळून चार. एकात बदल केला की दुसऱ्यात आपोआप होत नाही. मायनर (खालच्या) लीगमध्ये पाठवलेला खेळाडू एका लाइनअपमध्ये उरला की ती जागा संगणक आपल्या मर्जीने भरतो. पहिला बेसमन शॉर्टस्टॉपला उभा दिसला तर नवल नको.

डेप्थ चार्टमधल्या "दर पाचव्या सामन्याला खेळव" या ओळी जरूर तपासा. बॅकअप कॅचरची पाळी नेमकी मालिकेतल्या दुसऱ्या सामन्यात येते. पाळी बंद करू नका, त्याला आदल्या सामन्यात एकदा हाताने खेळवा. मुख्य कॅचर ताजा राहतो.

बेस चोरीचा स्लायडर ईर्ष्येने वर सरकवू नये. कोणी आऊट नसताना पहिल्या बेसवर रनर म्हणजे इनिंगमध्ये अपेक्षित धावा सुमारे ०.८६, दुसऱ्यावर गेला तर १.१०, बाद झाला आणि बेस रिकामे राहिले तर ०.२६. गणित मांडलं की ७१ टक्क्यांच्या खाली यश असेल तर चोरी तोट्याची. समोरच्या कॅचरचा आर्म आणि पिचरचं रनर रोखून धरण्याचं रेटिंग, दोन्ही बघून मगच मुभा द्या, तीही ठरावीक दोन-तीन खेळाडूंना. बंटबद्दल तर बोलायलाच नको.

कुंपणापलीकडे

मैदानाबद्दल कोणी लिहिलं नाही म्हणून. यांकीज-रेड सॉक्स जोडी घेतली तर दोन पार्कांची मागणी अगदी उलटी. रेड सॉक्सच्या फेनवेला लेफ्टची भिंत ३७ फूट उंच पण पोलपाशी फक्त ३१० फुटांवर. उजवे बॅटर तिच्यावर आपटून डबल काढतात. यांकी स्टेडियमचा राइटचा पोल ३१४ फुटांवर, डाव्या पुल-हिटरांची (राइटला ओढून मारणाऱ्यांची) चंगळ. पार्क फॅक्टर (मैदानाचा फटक्यांवर होणारा परिणाम) हाताप्रमाणे वेगळे असतात, एकच एकत्रित आकडा बघून फसू नका. बाहेरच्या मैदानावर जाताना बाकावरचा शेवटचा खेळाडू त्या पार्कला बघून निवडायचा. हवामान चालू असलेल्या लीगमध्ये एप्रिलची थंडीही धरा : तापमान १० अंश फॅरनहाइटने उतरलं तर लांब फटका अंदाजे तीन फूट अलीकडे पडतो.

कमिशनरची खुर्ची

चार गोष्टी लीग चालवणाऱ्याच्या बाजूने.

एरवी आठवडाभराचा सिम एकदम चालवत असाल तरी ही मालिका एकेक दिवसाने चालवा. मधल्या दुखापतीवर, दमलेल्या बुलपेनवर दोन्ही जीएमना हात फिरवता येतो. मुदत दोघांना एकच, आणि ती लिहून.

एक्सपोर्ट (आपल्या संघाची फाइल पाठवणं) नवीन लीग फाइलवरूनच झाला पाहिजे. जुनी फाइल उघडून लाइनअप लावला आणि पाठवला, तर सर्व्हरवर तो पोचलेला दिसतो पण खेळाच्या दृष्टीने कालबाह्य असतो. जीएम शपथेवर सांगतो "मी पाठवलं होतं", आणि ते खरंही असतं. क्रम असा : लीग फाइल उतरवा, उघडल्यावर गेममधली तारीख तपासा, रोस्टर २६ वर आहे आणि त्यात पिचर १३ पेक्षा जास्त नाहीत हे बघा, मग लाइनअप, मग एक्सपोर्ट. ट्रेड झाला असेल तर कमिशनरने तो अमलात आणल्यानंतरची फाइल घ्यायची.

इम्पोर्टच्या (जीएमनी पाठवलेल्या फाइली लीगमध्ये घेण्याच्या) आधी आणि सिमच्या आधी, अशा दोन वेगळ्या बॅकअप ठेवा. आणि सर्वांत मोठी भांडणं जिथून होतात तो नियम आधीच लिहून ठेवा : सिम पुन्हा कधी चालवायचा. त्याच फाइलवर दुसऱ्यांदा सिम चालवला तर तोच निकाल येत नाही. म्हणून "माझा लाइनअप राहिला" हे कारण चालणार नाही, आणि फाइल बिघडली किंवा कमिशनरने चुकीची घेतली तरच पुन्हा, तेही निकाल जाहीर व्हायच्या आत. निकाल दिसल्यावर कोणी ३-२ ने हरलेला शांत बसेल ही अपेक्षा ठेवू नका.

रोटेशनवाला

आकडेमोड यांच्या मुद्द्यांशी सहमत, फक्त "तीनच तर सामने" हा सूर पटत नाही. लीगने सध्याचे मेजर लीगचे नियम घेतले असतील तर २०२२पासून बरोबरीसाठीचा जादा सामना नाही, आधी आपसातला हिशेब बघतात. आणि २०२३पासून त्याच डिव्हिजनमधल्या संघाशी १९ ऐवजी १३च सामने. विषम आकडा, म्हणजे सगळे खेळले गेले तर ७ जिंकणाऱ्याकडे टायब्रेकर. एप्रिलमध्ये तीनपैकी एकच जिंकलात तर उरलेल्या दहात सहा हवेत.

आकडेमोड

मान्य, पण दोघांची शेवटी बरोबरी झाली तरच. आणि तीनपैकी दोन जिंकले तरी दहात पाच लागतातच. एसला चार दिवसांची विश्रांती देऊन तो मालिकेत बसत असेल तर बसवा. तीन दिवसांवर आणायची वेळ आली तर पाचव्या पिचरला टाकू द्या, त्याला ७५ चेंडूंची मर्यादा लावा आणि लाँग रिलीव्हर आदल्या दिवशी राखून ठेवा.