यागी आणि पॅच अँटेना: दोन्हींसाठी एकच सॉफ्टवेअर नको

१४५ मेगाहर्ट्झचा यागी (समांतर दांड्यांचा अँटेना) आणि एफआर-४ (काचतंतू व इपॉक्सीच्या) बोर्डावरचा २.४ गिगाहर्ट्झचा पॅच (तांब्याच्या सपाट तुकड्याचा अँटेना), या दोन्हींची संगणकावर प्रतिकृती करण्यासाठी एकच मोफत सॉफ्टवेअर आपण विचारले आहे. माझ्या मते तसा आग्रह धरू नये. यागीसाठी एनईसी-२ या अँटेना-गणनपद्धतीवर चालणारे ४एनईसी२ किंवा २०२२ पासून मोफत झालेले ईझेडनेक उत्तम, कारण एनईसी-२ तारांचे लहान तुकडे पाडून प्रत्येक तुकड्यातील विद्युतप्रवाह काढते आणि त्यावरून प्रारण-आकृती (कोणत्या दिशेला किती ऊर्जा जाते ते) मांडते. अर्ध्या तरंगलांबीमागे किमान दहा तुकडे ठेवावेत.

पॅचचे तसे नाही. तांब्याखालच्या एफआर-४ थराचा हिशेब एनईसी-२ ला करता येत नाही, म्हणून तेथे असे थरही हिशेबात धरणारे ओपनईएमएस हे मोफत सॉफ्टवेअर घ्यावे. ते शिकायला वेळ लागतो, पण तो सत्कारणी लागतो. मात्र बोर्डाचा परावैद्युतांक (त्यातील तरंगांचा वेग किती घटतो हे ठरवणारा अंक) नीट तपासावा, कारण तो ४.२ ऐवजी ४.६ निघाला, तर अनुनाद (अँटेना ज्या वारंवारितेवर उत्तम चालतो ती) सुमारे १०० मेगाहर्ट्झने खाली घसरतो आणि अरुंद पट्ट्याचा पॅच निकामी ठरतो.

कोणतेही सॉफ्टवेअर घेतले, तरी आधी मोकळ्या अवकाशातील अर्धतरंग डायपोल (अर्ध्या तरंगलांबीचा साधा तारेचा अँटेना) सोडवून पाहावा: लाभ २.१५ डीबीआयच्या (सर्व दिशांना सारखे प्रारण करणाऱ्या कल्पित अँटेनाच्या तुलनेतील डेसिबल) आसपास आला नाही, तर प्रतिकृतीत कोठेतरी चूक आहे.